घडी बसेपर्यंत

बाळंतिणीला भेटायला आलेलं माणूस दोन प्रश्न हमखास विचारतं. कोणावर गेलीय, आणि रात्री झोपू देते का. पहिल्याचं उत्तर घरातले सगळे एकदम देतात. दुसरा प्रश्न मात्र थेट लेकीकडे जातो. तिने ‘नाही’ म्हटलं की सल्ले सुरू: वेळेवर पाजत जा, सवय लाव, सारखं उचलू नकोस. माझी लेक पहिलटकरीण. पुण्याहून माहेरी आली आणि नाशकात ऐन थंडीत बाळंत झाली. हे सल्ले ती इतके मनावर घ्यायची, की रात्री बाळ उठलं की आधी तिला अपराधी वाटायचं आणि मग बाळाची भूक लक्षात यायची. ते बघून माझ्या पोटात तुटायचं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की तान्ह्या बाळाला पहिला सव्वा महिना तरी वेळापत्रक लावता येत नाही. वेळापत्रक लावायचं ते घरातल्या मोठ्या माणसांना. रात्री कोणी उठायचं, ढेकर कोणी काढायचा, लंगोट कोण धुणार, दुपारी दाराची बेल कोण बंद ठेवणार, आलेल्या पाहुण्यांना चहा देऊन वेळेत कोण वाटेला लावणार. हे ठरलं की आईला झोप मिळते. तिला झोप मिळाली की पाजणं नीट होतं, आणि पाजणं नीट झालं की बाळाची घडी हळूहळू बसू लागते. आपल्याकडे हे सगळं उलट्या टोकाने सुरू होतं.

नव्या बाळाला दिवस-रात्र ठाऊकच नसतात. पोटात असताना आई दिवसभर हिंडते-फिरते, त्या हेलकाव्यांत ते झोपतं. आई रात्री आडवी झाली की हातपाय हलवायला लागतं. गरोदरपणात रात्री दहाला पोटात लाथा सुरू होतात हे कुठलीही बाई सांगेल. बाहेर आल्यावर तोच क्रम काही आठवडे चालू राहतो. रात्र झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक बाळाचं स्वतःचं तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ते त्याला आईच्या रात्रीच्या दुधातून थोडंफार मिळतं.

चोवीस तासांत बाळ साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन दीड तासाच्या आसपास असतं, बाळाचं तासाभराच्याही आतलं, आणि त्यातली निम्मी झोप चुळबुळीची. डोळे मिटलेले असतानाच बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, पाय झाडतं, मध्येच गालात हसतं. आपल्याला वाटतं उठलं. उचललं की मग ते खरोखर उठतं. लेकीला मी सांगत असे, जरा थांब, तिच्या छातीवर तळवा ठेव, डोळे उघडले तरच उचल. त्या जराशा थांबण्याने कितीतरी वेळा बाळ परत गाढ झोपे.

पोटाचं गणितही असंच सरळ. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चमचा-दीड चमचा दूध पुरतं आणि आईला येतंही तेवढंच. तो पिवळसर घट्ट चीक. आमच्या आज्यांच्या काळी कित्येक घरांत तो काढून टाकत आणि तिसऱ्या दिवशी ‘खरं दूध’ उतरेपर्यंत बाळाला मध किंवा साखरेचं पाणी चाटवत. आता जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावतात, कारण रोगांशी लढायची पहिली शिदोरी त्या चिकातच असते. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. आईचं दूध लवकर पचतं, म्हणून दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. म्हणजे सरासरी दोन-तीन तासांनी, पण ही सरासरीच. दुपारी सलग तीन तास झोपलेलं बाळ संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने मागतं, आणि त्यात बिघडलेलं काहीच नसतं.

मग ‘दर चार तासांनी पाजा, रात्री पाजूच नका’ हे आलं कुठून? गेल्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग होऊन गेले. १९०७ साली त्यांनी प्लंकेट सोसायटी सुरू केली. आई-मुलांच्या आरोग्यासाठी त्यांनी खूप काम केलं, पण घड्याळाबरहुकूम पाजणं आणि रात्री उपाशी ठेवून शिस्त लावणं हीही त्यांचीच शिकवण, आणि ती परिचारिकांच्या हातून दूरदूर पोचली. माझ्या आईच्या पिढीतल्या शिकलेल्या घरांत घड्याळ लावून पाजणं सुधारलेपणाचं मानलं जाई. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळ मागेल तेव्हा पाजा, दिवसा आणि रात्रीही. शरीराची रचनाही तेच सांगते. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त पाझरतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यांतलं रात्रीचं पाजणं पुढच्या महिन्यांच्या दुधाची पायाभरणी असते.

मागेल तेव्हा म्हणजे रडेल तेव्हा, असं मात्र नाही. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ मान वळवून तोंडाने शोधायला लागतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडाकडे नेतं. तेव्हाच घेतलं तर पकड चांगली बसते. रडून लाल झालेलं बाळ आधी शांत करावं लागतं, आणि रात्री दोन वाजता तेवढी ताकद कोणात असते? पकड हा शब्द आम्हाला दवाखान्यातल्या सिस्टरने दिला. लेकीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, पाजायची वेळ आली की ती दात-ओठ आवळायची. सिस्टरने पाठीशी उशी दिली, बाळाला पोटाशी पोट लावून धरायला सांगितलं, बाळाने मोठा आ केल्यावरच छातीकडे आणायला लावलं. भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर उलटलेला दिसला पाहिजे. दोन-चार दिवसांत दुखणं कमी झालं. दूध पुरत नाही अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी आयांना फक्त एवढंच कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं असतं.

दूध पुरतंय की नाही, ही शंका प्रत्येक घरात असते आणि ती बोलून दाखवणारेही असतात. बाळ सारखं मागतंय म्हणजे पोट भरत नसणार, वरचं द्या. आमच्याकडे या शंकेचं उत्तर मागच्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत असे. सुती लंगोट धुवायचं काम ह्यांनी, म्हणजे बाळाच्या आजोबांनी, आपणहून घेतलं होतं. रोज संध्याकाळी ते दोरीवरचे लंगोट मोजून सांगत. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली आणि ती फिकट असली, की दूध पोटात जातंय. दुसरी खूण वजनाची. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. त्याने घाबरायचं नाही. दहा-पंधरा दिवसांत ते जन्मवजनावर परत येतं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅमने वाढतं. ते भरून येईपर्यंत मात्र बाळाला तीन-चार तासांपलीकडे झोपू द्यायचं नाही. दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, तळपायाला बोट फिरवायचं, आणि पाजायचं. कावीळ असलेलं बाळ तर फार झोपाळू असतं आणि त्यालाच दुधाची जास्त गरज असते. सकाळचं कोवळं ऊन हे काविळीवरचं औषध नाही. बाळ पिवळं दिसलं की डॉक्टरांकडे न्यायचं, ते तपासून गरज वाटली तर निळ्या दिव्याखाली ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं सगळंच वेगळं. तिथे फक्त डॉक्टरांचं ऐकावं.

लेकीच्या फोनमध्ये एक ॲप होतं. किती मिनिटं पाजलं, कुठल्या बाजूने, किती वाजता झोपली, सगळं त्यात भरायचं. पहिले पंधरा दिवस त्याचा उपयोग झाला, डॉक्टर विचारत तेव्हा हाताशी उत्तर असे. नंतर ती बाळाकडे कमी आणि आलेखाकडे जास्त बघायला लागली, तेव्हा मी तिला ते बंद करायला सांगितलं. कुठल्या बाजूने सुरू करायचं हे लक्षात ठेवायला मी तिच्या हातात एक सैल बांगडी घातली. ज्या बाजूने पाजून झालं त्या हातातून काढून दुसऱ्या हातात चढवायची. अंधारात दिवा न लावता नुसतं मनगट चाचपून कळतं.

आता मावशींबद्दल लिहायला हवं, कारण आमच्या घरात घड्याळावर चालणारी एकच गोष्ट होती, मालिशवाल्या मावशींचं येणं. त्या पंचवटीत राहतात. थंडीच्या दिवसांत सकाळी नऊपासून चार-पाच घरं करतात, गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी दुसऱ्या नंबरावर यायच्या. पुढची घरं ताटकळत असल्यामुळे त्या कधी उशीर करत नसत आणि आम्हालाही करू देत नसत. त्या यायच्या तासभर आधी बाळाचं पिणं व्हायला हवं, पाणी तापलेलं हवं, लेकीने दूध-खारीक घेतलेलं हवं. त्यामुळे सकाळ बांधली गेली.

आधी लेकीला तेल लावणं, मग बाळाला. मोरीत पाट टाकून मावशी पाय लांब करून बसत, साडी गुडघ्यांपर्यंत खोचलेली. शेजारी आमचं जुनं तांब्याचं घंगाळ. त्यातलं पाणी त्या तीनदा बघत: आधी बोटांनी, मग मनगटाने, शेवटी कोपराने. कोपराला नुसतं ऊन वाटेल तेच पाणी बाळाला. नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ आधी पालथं, मग उताणं. डोक्यावर पाणी घालताना डावा तळवा कपाळावर आडवा धरायचा, म्हणजे डोळ्या-नाकात थेंब जात नाही. पहिल्या तांब्याला नात घर डोक्यावर घ्यायची, दुसऱ्याला हुंदके देत राहायची, तिसऱ्याला हाताच्या मुठी सोडून गप्प. मावशी म्हणायच्या, “ताई, बघा, आता दोन तास ढुंकून बघणार नाही तुमच्याकडं.” आणि खरंच, अंग कोरडं करून, पाजून आडवं केलं की दिवसातली सर्वात लांब झोप तीच असायची. ती झोप लेकीची. आमच्या घरात त्या वेळात कुकरसुद्धा लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि लेकीचा फोन माझ्याकडे.

मावशींचं सगळंच मी मान्य केलं असं नाही. नाळ पडेपर्यंत अंघोळ नको, नुसतं पुसून घ्यायचं आणि नाळेला तेल, हळद, राख काही लावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. नाका-कानात तेल नको. नव्या बाळाची छाती कधीकधी सुजल्यासारखी दिसते, मुलगा असो की मुलगी. आईच्या संप्रेरकांमुळे तसं होतं आणि आपोआप ओसरतं. ती पिळून काढायची पद्धत आहे, त्याने गळू होतं, म्हणून तेही नको. पाय सरळ व्हावेत म्हणून दुपट्यात पाय ताठ ओढून बांधणंही बंद केलं. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले असणं हेच बरोबर. ताठ बांधले तर खुब्याचा सांधा सरकू शकतो. हात बांधून ठेवले तर चालतं, दचकून उठत नाही, पाय मात्र मोकळे. धुरीवरून जरा ताणलं. ओवा, वावडिंग, धूप निखाऱ्यावर टाकून बाळाला शेकवल्याशिवाय न्हाणं पुरं होतं यावर मावशींचा विश्वास नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तान्ह्याच्या फुप्फुसांना कुठलाच धूर नको. मी मावशींना म्हटलं, “मावशी, तुमच्या हातालाच एवढी ऊब आहे, शेगडी कशाला?” त्या दोन दिवस कमी बोलल्या. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या निखाऱ्यांचं न विचारता पाट मांडून बसल्या. त्यांनी हे अनेक घरांत पाहिलं असणार. जुनं जाणणाऱ्या माणसाला नवं पटवायचं तर त्याचं जे चांगलं आहे ते आधी मनापासून घ्यावं लागतं, आणि मावशींच्या हातात चांगलं पुष्कळ होतं.

घुटीचं तसंच. सहाण माझ्या सासूबाईंची, गुळगुळीत झालेली. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड, सगळं डब्यात होतं. दोन वेढे जायफळाचे वाढवले की बाळ रात्रभर गप्प झोपतं, हे मला दोघी-तिघींनी येऊन सांगितलं. मला त्या गप्प झोपेचीच भीती वाटते. झोपवलेलं बाळ भुकेलाही उठत नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही; त्याला जोड एकच, डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, दिवसाला ४०० युनिट. सहाण मी पुसून कपाटात ठेवली.

बाळंतिणीच्या खाण्याबाबत मात्र मी जुन्या बाजूची. बाजरीची भाकरी-तूप, शेपूची भाजी, लसणीची चटणी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. दूध वाढतं ते मुख्यतः बाळाने वारंवार ओढल्याने, लाडवांनी नव्हे, हे मला माहीत आहे. पण पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात आणि पहाटे तीनला पोटात आगडोंब उसळतो. लेकीच्या उशाशी झाकणाचा डबा असायचा. त्यात लाडू आणि शेजारी थर्मासमध्ये कोमट पाणी. बाळ प्यायला लागलं की आईलाही तहान लागते. तो डबा रात्री भरून ठेवायचं काम माझं, आणि मी ते एकदाही कोणाला सांगितलं नाही, स्वतः केलं.

संध्याकाळ अवघड. सहा-सात वाजता सुरू होणारं ते रडणं, पाजलं तरी रडायचं, घेतलं तरी रडायचं. पोटात दुखतं, दृष्ट लागली, दूध कमी पडलं, सगळे तर्क होतात. तपासून काही निघत नाही. निरोगी बाळांचंही हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. वेसेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९५४ साली त्याला तीनाचं माप लावलं: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. पण ताप असेल, बाळ पीत नसेल, निपचित पडलं असेल, हिरवी उलटी झाली असेल, तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. एरवी या वेळेला बाळ आळीपाळीने कडेवर घ्यायचं. आमच्याकडे संध्याकाळी सात ते नऊ ही आजोबांची पाळी. थंडीमुळे बाहेर जाता यायचं नाही, म्हणून ते हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या घालत हरिपाठ म्हणायचे. मी नातीची दृष्टही काढली, मीठ-मोहरीने, तिच्यापासून लांब उभं राहून. त्याने रडं थांबलं असं मी म्हणणार नाही. माझा जीव थाऱ्यावर आला, आणि ती गरजही खरीच होती.

पाहुणे नेमके याच वेळेला येत. बाळ बघायला यावं, आनंदाचीच गोष्ट आहे. पण आम्ही अकरा ते चार कोणालाही येऊ दिलं नाही, आणि सातनंतरही. आलेल्यांनी हात धुवायचे, बाळाचे पापे घ्यायचे नाहीत, खोकला असेल तर फोनवर बोलायचं. काही जण दुखावले. बाराव्या दिवसाचं बारसं आम्ही घरच्या घरी केलं. पाळणा, गोविंद घ्या गोपाळ घ्या, घुगऱ्या, आणि तासाभरात लेक परत खोलीत. मोठा समारंभ नंतरही करता येतो.

रात्रीचं ठरलेलं असं. दहाला मोठे दिवे बंद. त्यानंतर बाळाशी कोणी बोलायचं नाही, खेळवायचं नाही. पाजायचं, ढेकर काढायचा, गरज असेल तरच लंगोट बदलायचा. दिवसा उलट, खिडक्या उघड्या, भांड्यांचा आवाज, गप्पा, बाळ उजेडात. हळूहळू त्याला फरक कळतो. लेक फक्त पाजायची. पाजून झालं की बाळ माझ्या खांद्यावर, आणि ती पाठ फिरवून झोपायची. पहाटे पाचचं पिणं झालं की बाळ थेट माझ्या खोलीत, आठपर्यंत. जावई शनिवारी पुण्याहून येत. ते आले की दोन्ही रात्री माझ्या जागी तेच. पहिल्यांदा त्यांना ढेकर काढता येईना. खांद्यावर घेऊन थोपटत राहिले, बाळाने त्यांच्या पाठीवर गुळणी टाकली, तरी हलले नाहीत. माझ्या मनात त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी माया दाटली ती लग्नात दिलेल्या आहेरापेक्षा मोठी होती.

झोपायच्या जागेबद्दल मी फार काटेकोर होते. नाशकाची थंडी डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या खाली उतरते, आणि प्रत्येकाचा हात गोधडीकडे जातो. बाळ नेहमी पाठीवर, टणक गादीवर, आईच्या खोलीत, पण तोंडाजवळ उशी, गोधडी, लोकरी शाल काही नाही. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी आली होती, ती परत केली. कुंची झोपताना काढायची. नाडी गळ्याशी आवळते आणि कापड तोंडावर घसरतं. आपल्या अंगावर जेवढे कपडे त्याहून एक थर जास्त, एवढं बाळाला पुरे. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेमागे हात लावून बघायचं. झोळीत बाळ छान झोपतं, पण त्यात हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडकू शकतो, म्हणून झोळी फक्त कोणी समोर बसलेलं असताना.

आणि आईच्या मनाबद्दल. बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात कारण नसताना रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि ते जातं. पंधरा दिवसांनंतरही उदासी टिकली, बाळ जवळ घ्यावंसं वाटेना, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, तर ते दुखणं आहे, त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर कधीही फोन केला तरी मराठीत बोलते. लेकीला तशी वेळ आली नाही. पण मी तिला रोज दुपारी विचारत असे, ‘झोप लागली का?’ बाळाबद्दल विचारण्याच्या आधी.

एकदा तेल लावता लावता मावशींनी त्यांच्या सुनेचं सांगितलं. ती दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाते. हंगाम जानेवारी ते मार्च, बाळ नेमकं हंगामाच्या तोंडावर झालं. महिना-दीड महिन्यात ती परत बागेत. माझ्या लेकीला कंपनीकडून २६ आठवड्यांची पगारी रजा, २०१७ च्या दुरुस्तीने कायद्याने मिळालेली. मावशींच्या सुनेला रोजंदारी. मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळाले, पण ते रजेसारखे नाहीत. तिची रात्र मावशी सांभाळायच्या, आणि सकाळी येऊन माझ्या नातीला न्हाऊ घालायच्या. मला ते कळल्यापासून त्यांच्यासाठी जेवणाचा डबा तयार असे, त्यांचा आणि सुनेचाही. घरी लिहिलेली आणि फोनवर वाचलेली सगळी वेळापत्रकं ज्या घरात हाताला हात आहेत त्या घरांसाठी असतात. ज्या बाईला ते नाहीत तिला शिस्त शिकवायला कोणी जाऊ नये, जमलं तर दोन तास बाळ सांभाळायला जावं.

सहा आठवड्यांची झाल्यावर नातीला लसी दिल्या. त्या रात्री अंग तापलं, लागलेली सगळी घडी मोडली, दोन दिवसांत परत बसली. त्याच सुमाराला ती डोळ्यात बघून हसायला लागली. रात्रीची पहिली झोप लांबत गेली, तीन तास, चार, कधी पाच. पिण्याच्या वेळाही आपोआप ओळखीच्या होत गेल्या. आम्ही काही लावलं नव्हतं, नुसता क्रम सांभाळला होता. सव्वा महिना झाल्यावर काळारामाचं दर्शन घेऊन आलो, आणि तिसऱ्या महिन्यात लेक पुण्याला गेली.

जायच्या आधी जावयांनी एक कागद केला. तो आता त्यांच्या फ्रिजवर लावलेला आहे. त्यात लेकीच्या नावापुढे एकच काम आहे, पाजणं. रात्री दहा ते दोन जावई, पहाटे पाच ते आठ विहीणबाई, लंगोट आणि कपडे जावई, संध्याकाळच्या फेऱ्या तिथले आजोबा. रविवारी दुपारी तीन तास लेकीने बाळ घरी ठेवून बाहेर जायचं, ही ओळ विहीणबाईंनी स्वतःच्या अक्षरात खाली वाढवली आहे.